कमळीचा माड आणि गावाची दृष्ट

आमच्या वाडीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाचा एक असे माड आहेत आणि ते अगदी त्यांच्याच वळणावर गेले आहेत. विहिरीजवळचा वाकडा, तो मामंजींचा. तो शेजारच्या बाळाजीकाकांच्या वाडीकडे कलून उभा आहे आणि नारळही तिकडेच टाकतो. मामंजी होते तेव्हा तेही रोज संध्याकाळी तिकडेच पत्ते खेळायला जात. टोकाचा दिरांचा. दीर मुंबईला आहेत. ते जसे पत्र पाठवत नाहीत तसा तो फळत नाही. आणि मधला सरळ, उंच, वारा आला तरी न हलणारा, तो आमच्या ह्यांचा. हे अलिबागच्या कचेरीत कारकून आहेत. ह्यापुढे मी त्या माडाविषयी काही बोलणार नाही.

घरात मुलगा झाला की बाराव्या दिवशी त्याच्या नावाचा माड लावायचा, ही ह्या घरची रीत. माझी कमळी झाली तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीतूनच विचारलं, "मग हिचा कुठे लावायचा?"

 बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "मुलीचा कसला माड? ती जायची परक्या घरी. माड काय पाठीवर बांधून नेणार आहे?"

ह्यांचा माड तरी कुठे ह्यांच्याबरोबर कचेरीत जातो, असं मी म्हणाले. अर्थात पाळण्यात तोंड घालून म्हणाले. कमळीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. मला तेवढा पाठिंबा पुरे झाला.

खरं सांगते, मला राग स्वतःसाठी आला नव्हता. बारा दिवसांचं माणूस, अजून कुणाचं काही वाईट केलेलं नाही, नाकडोळे असे रेखीव की हळदीकुंकवाला आलेली बाई पाळण्यापाशी जास्त आणि कुंकवापाशी कमी रेंगाळते. आणि त्याला वाडीत हातभर जागा नाही? मी तीन महिने वाट पाहिली. मग एका दुपारी सासूबाई लवंडल्या असताना कोंब आलेला एक उत्तम नारळ निवडला, कमळीला कडेवर घेतलं आणि निघाले.

माडांच्या रांगेत लावणं शक्य नव्हतं. सासूबाई तिथला प्रत्येक वाळलेला झाप ओळखतात. पण आमच्या वाडीचा एक कोपरा तिठ्यावर आहे. अलिबागहून रेवदंड्याला जाणारा रस्ता, समुद्रावर जाणारी वाट आणि आमची गल्ली अशा तीन वाटा तिथे मिळतात. कोपऱ्यावरचा दगडी गडगा पडलेला, तिकडे घरातलं कुणी फिरकत नाही. मी तिथे खड्डा खणला. तळाशी मिठाचे खडे, राख, वर मैना कोळणीकडून मागून घेतलेला सुक्या मासळीचा चुरा, सगळं शास्त्रोक्त. रोप लावलं. मग वाटलं, पोरीचा माड आहे, नुसती माती लोटून कसं चालेल? म्हणून हळदकुंकू वाहिलं, केळीच्या पानावर दहीभात ठेवला, वर एक लिंबू ठेवलं, नारळ वाढवला आणि हात जोडले. माझं माहेर तळे गावचं. तिथे झाडापुढे दहीभात ठेवला तर त्याला नैवेद्य म्हणतात. इथे नागावात काय म्हणतात हे विचारायला मी कुणाकडे गेले नाही.

आठवडा गेला असेल. रोपाला पाणी घालायला गेले तर शेजारी दुसरं पान. त्यावर भात, लिंबू. मला वाटलं, कुणीतरी प्रवासी जेवून पान टाकून गेला असेल. दुसऱ्या दिवशी अंडं आणि गुलाल. मग एक काळी चिंधीची बाहुली. मग फुटकं मडकं, जुनी केरसुणी, कान तुटलेलं सूप. आणि एकदा ढीग दिसला की लोकांना आपापला कचरा आठवतो. न्हावी केस टाकू लागला. टांगेवाला घोड्याची लीद टाकू लागला. कुणीतरी एक अख्खा दरवाजा आणून टाकला. दरवाजा टाकून देण्याइतकं त्या घरात काय झालं असेल, ह्याचा मी दोन दिवस विचार करत होते. पंधरवड्यात माझ्या लेकीचं रोप ढिगातून एवढंसं डोकं वर काढून उभं राहिलं. गर्दीत आईचा पदर सुटलेल्या पोरासारखं.

मी रोज तो ढीग बाजूला सारत असे. रोज तो परत येत असे.

बाळाजीकाकांना कुणाच्याही अडचणीचा वास लांबून येतो. ते गडग्यावरून डोकावून म्हणाले, "कुंपण घाल, सूनबाई. हद्द दाखवली की माणूस थबकतो."

मी चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या आणून, कमळीला झोळीत टांगून, स्वतः कुंपण घातलं. इतकं देखणं झालं की मी दोनदा रस्त्यावर जाऊन परक्या माणसासारखं वळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी कुंपण नव्हतं. ते मला महिन्याभराने गल्लीच्या टोकाला दिसलं. घेवड्याचा मांडव झालं होतं. वेलांनी माझ्या काठ्यांना अशी गच्च मिठी मारली होती की त्या मागायच्या तर शेंगाही मागाव्या लागल्या असत्या.

"मग पाटी लाव," बाळाजीकाका म्हणाले. "लेखी असलं की वचक बसतो."

मी मराठी पाचवी झालेली आहे. हे मी सहसा सांगत नाही, पण इथे संबंध आहे. माळ्यावर सागाची चांगली फळी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : 'ही जागा खाजगी आहे. येथे कचरा टाकू नये.' वळण इतकं साधलं होतं की शाळेचे मास्तर मुद्दाम थांबून वाचून गेले. त्या वाटेने जाणाऱ्यांत वाचू शकणारे ते एकटेच होते, आणि ते कचरा टाकत नव्हते. ही त्या पाटीतली उणीव माझ्या नंतर लक्षात आली. पण तोवर पाटी चोरीला गेली होती.

आता मात्र मी ह्यांच्याकडे तक्रार केली. हे म्हणाले, "कचेरीत अर्ज कर. रीतसर."

"तुम्ही कचेरीतच तर असता!"

"म्हणूनच रीतसर म्हणतो."

मी अर्ज केला. ह्यांच्याच हाती दिला असता. पण ते म्हणाले, टपालाने पाठव. टपालाने गेला, आणि तो नेमका ह्यांच्याच टेबलावर जाऊन पडला. उत्तरही टपालाने आलं. टपालवाल्याने ते माझ्या हातात दिलं तेव्हा ते लिहिणारे गृहस्थ झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यात लिहिलं होतं की, सदरहू जागा अर्जदार बाईच्या नावे नाही. तरी जागेच्या मालकाने अर्ज करावा.

"मालक कोण?" मी विचारलं.

"कागदोपत्री अजून बाबाच."

"मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली!"

"वारसांची नावं लावण्याचा कागद चालू आहे."

"कुठे अडलाय?"

ह्यांनी एक शेंग सोलली. "माझ्या टेबलावर," म्हणाले. "पण कचेरीतलं घरी बोलू नये."

(थांबा. कमळी उठली.)

झोपली. काय सांगत होते? बाळाजीकाका. त्यांनी ही हकीकत ऐकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, कचऱ्याला सरकार हलत नाही. चोरीला हलतं. पाटी चोरीला गेली ना? सागाची होती ना? थेट पोलिसांत लिही." मला ते पटलं. मी लिहिलं. 'सागवानी फळी व कुंपण अज्ञात चोरट्यांनी लांबवले असून त्या जागी कचरा टाकला आहे,' असं लिहिताना माझा मलाच अभिमान वाटला. 'लांबवले' हा शब्द मी वर्तमानपत्रात पाहिला होता.

पुढल्या रविवारी बाळाजीकाकांकडे सत्यनारायण होता. काकांच्या बायकोने, केसरकाकूंनी, मला आग्रहाने आत नेलं. "लेकुरवाळी आहेस, ये, इथे बैस, हा पाट नवा आहे," म्हणाल्या. मी बसले. कमळीला मांडीवर घेतलं. पानावर प्रसादाचा शिरा आला. कमळीने एक हात शिऱ्यात घातला, दुसऱ्या हाताने पाटाची कड धरली, म्हणून मी तिचा हात सोडवायला वाकले. आणि माझ्या गुडघ्याशेजारी मला दिसलं, '…रा टाकू नये.'

वळण माझंच. 'ये'ची मात्रा मी जरा लांब ओढते.

मी शिरा खाल्ला. दुसरं काय करणार? त्या घरचं अन्न पानात असताना त्या घरच्या पाटाविषयी बोलता येत नाही. बाळाजीकाका पंगतीत तूप वाढत आले आणि मोठ्याने म्हणाले, "काय सूनबाई, केलास का अर्ज? सोडू नकोस चोराला!" मी नुसती मान हलवली. माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "पाट छान आहे हो काकू." काकू म्हणाल्या, "रस्त्यात पडली होती फळी. कुणाला किंमतच नसते बघा वस्तूची."

मी त्या दिवशी जितक्या मानाने जेवले तितकी आजवर कुठे जेवलेली नाही. उठताना पदर असा सावरला की अक्षरं झाकली जावीत. कुणाच्या अब्रूसाठी, हे मलाच सांगता येणार नाही.

आतापर्यंत हे सगळं माझ्या मानापमानाचं होतं. खरं संकट पुढे आलं, आणि ते मैना कोळणीच्या मासळीच्या पाटीतून आलं.

एके सकाळी मी तिठ्यावर पाणी घालत होते. मैना डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आली, पाटी उतरवली आणि तिच्यातून एक पान काढलं. पानात भात, लिंबू, मिरची.

"बाय, जरा बाजूला व्हय ना," ती म्हणाली आणि माझ्या देखत ते पान माझ्या रोपाच्या मुळाशी ठेवलं.

"मैना! तू पण?"

"मंग? नातवाला दीठ लागलीया. दूध पीत न्हाय."

"मग इथेच का आणून टाकतेस?"

"मंग कुठं टाकू? समद्या गावाचा उतारा हितंच पडतो. जागा कडक हाय."

"कुणी सांगितलं जागा कडक आहे?"

मैनेने माझ्याकडे, मी थट्टा करतेय का हे पाहावं तसं पाहिलं. "सांगाया कशाला लागतंय? पयला उतारा तुझाच न्हाय का? पोरीला घेऊन आलीस, दहीभात ठेवलास, लिंबू ठेवलंस, नारळ फोडलास, हात जोडून मागं न बघता गेलीस. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. आन तुझी पोर बघ कशी गुटगुटीत! म्हटलं, हा तिठा पावतो. मीच सांगितलं समद्यांना."

मागं वळून मी पाहिलं नव्हतं, कारण सासूबाईंची उठायची वेळ झाली होती आणि मला घाई होती.

आता नवख्या माणसासाठी सांगते. आमच्या नागावात मुलाला दृष्ट लागली की भात नाहीतर भाकरी त्याच्यावरून ओवाळतात आणि ती तिठ्यावर नेऊन टाकतात. तो उतारा. लागलेली दृष्ट त्यात उतरते. तो कुणी ओलांडत नाही, शिवत नाही. म्हणजे नागावच्या साऱ्या रडक्या, न जेवणाऱ्या, खोकणाऱ्या पोरांची पीडा तीन-चार महिने माझ्या कमळीच्या माडावर उतरत होती. आणि ते तिच्या नावाचं झाड होतं.

मी सुन्न होऊन मागे वळले, तर पडक्या गडग्यापाशी सासूबाई उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना माडाची बातमीही त्याच वेळी कळली आणि दृष्टीचीही.

त्या माड लावल्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. कमळीला माझ्या कडेवरून घेतलं, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. कमळी नेमकी त्याच क्षणी शिंकली.

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. "ते रोप उपटायचं. आत्ता."

"सासूबाई, हिच्या नावाचं आहे ते! जिवंत रोप उपटलं तर हिला बरं का?"

त्यांनी वाकून रोपाचा कोंब चाचपून पाहिला. हिरवा माड उपटणं म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. शेवटी म्हणाल्या, "पोलीस यायचे आहेत म्हणतेस ना? ते येऊन हे सगळं बंद करतात का बघते. नाही झालं तर मी स्वतः काढीन. माझ्या नातीवर साऱ्या गावाची पीडा मी ठेवणार नाही."

'माझ्या नातीवर' हे त्या प्रथमच म्हणाल्या. मला रडू आलं ते भीतीने की ह्या शब्दाने, कोण जाणे.

पोलिसांचं उत्तर धर्मा पाटलाकडे आलं. हा आमचा पोलीस पाटील. मोठा कर्तव्यदक्ष माणूस; कर्तव्याची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते एवढंच. त्याने गावात दवंडी पिटवली की, उद्या सकाळी अलिबागहून हवालदार तिठ्यावर पंचनाम्याला येणार. तिथे ज्याची वस्तू सापडेल त्याचं नाव लिहून घेतलं जाईल.

मी खूश झाले. सकाळी कमळीला काजळ घातलं, स्वतः जरीकाठी लुगडं नेसले. सरकारपुढे उभं राहायचं होतं. सासूबाईही निघाल्या. आम्ही तिठ्यावर पोचलो आणि जागच्या जागी थांबलो.

कोपरा लखलखीत झाडलेला. केस नाहीत, लीद नाही, मडकी नाहीत. तो दरवाजासुद्धा नाही. कुंपण होतं तसं उभं, काठ्यांना अजून घेवड्याचे वेल लोंबत होते, त्यांवर दोन शेंगाही. आणि मधोमध माझी पाटी, तुपाचे डाग घासून पुसून काढलेली, 'येथे कचरा टाकू नये.' चोरीला गेलेली प्रत्येक वस्तू परत आली होती.

फक्त रोप नव्हतं. जी वस्तू कुणी चोरली नव्हती तेवढीच गेली होती.

हवालदार टांग्यातून उतरले. जाड, भल्या स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली. मग चहूकडे पाहिलं.

"बाई, कचरा कुठाय?"

"काल होता."

"फळी चोरीला गेली म्हणता, ती कोणती?"

"ही."

"आणि कुंपण?"

"हे."

"मग गेलं काय?"

"माझ्या मुलीचा माड," मी म्हणाले आणि रिकाम्या खड्ड्याकडे बोट केलं.

हवालदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. "माडाचं अर्जात नाही," ते फार हळुवारपणे म्हणाले. धर्मा पाटील मागून म्हणाला, "सायेब, समदं साफ हाय. गावाने आपखुशीनं केलंय." हवालदारांनी लिहून घेतलं की, जागा स्वच्छ असून तक्रारीस जागा नाही. कमळीने त्यांच्या पट्ट्याचं चकचकीत बक्कल पकडलं आणि सोडेना. "पोरगी गोड आहे बाई," ते जाताना म्हणाले. बाकी सरकारकडून मला काही मिळालं नाही, पण हवालदार म्हणाले ते खरंच होतं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, त्या 'बरं झालं, आपोआप गेलं' म्हणतील. त्यांना तेच तर हवं होतं.

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला.

"कुणी नेलं?"

"पण सासूबाई, तुम्हीच तर काढणार होतात…"

"मी काढीन! मी तिची आजी आहे. गावाने हात लावायचा? माझ्या घरच्या पोरीच्या माडाला? चल!"

आणि गुडघे धरून उठणाऱ्या त्या बाई अशा निघाल्या की कमळीला घेऊन मला मागे धावावं लागलं. पहिलं घर बाळाजीकाकांचं. काका ओटीवर होते. सासूबाईंचा चेहरा पाहून त्यांना आत काहीतरी काम आठवलं. केसरकाकू सापडल्या.

"केसर, रोप कुठाय?"

"अगबाई, वहिनी! मी नाही हो घेतलं. पहाटे पाहते तर रात्रीच्या साफसफाईत उपटलेलं कुणीतरी आमच्या गोठ्यामागे आणून ठेवलेलं. आता ठेवणार कसं? त्याच्यावर साऱ्या गावाचं… आणि टाकणार तरी कसं? जिवंत माड! मग मी आपलं अलगद मैनेच्या दाराशी नेऊन ठेवलं."

"आणि मैनेची पोरं काय दगडाची आहेत?"

काकू ओटीवरचा नसलेला केर झाडू लागल्या.

मैना दारातच मासळी निवडत होती. "मावशी, रोप माझ्या दारात आलं, हां. म्या आणलं न्हाय. घरात लहान नातू हाय. म्या काय करू? उचललं आन गुलबानूच्या दारात ठेवलं. त्ये लोक उतारा मानत न्हाईत, त्येंना काय व्हायचंय!"

"तूच उतारा टाकायचा, तूच बाहेर ढकलायचा!" सासूबाई कडाडल्या. "इतके महिने माझ्या पोरीच्या डोक्यावर भात ओतलास, आणि आता एक रोप दारात आलं तर जीव जातो तुझा?"

मैनेने मान खाली घालून पुन्हा मासळी निवडायला घेतली. सासूबाईंविषयी मला इतका अभिमान वाटला की मी कमळीला उंच धरलं. म्हटलं, बघ, बघून ठेव.

गुलबानूचं घर समुद्राच्या वाटेवर आहे. तिचे यजमान करमअली गलबत घेऊन मालाच्या फेऱ्या करतात, म्हणून घरात बहुधा ती एकटीच असते. आम्ही शिरलो तेव्हा ती विहिरीपाशी होती, आणि तिच्यापुढे ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, मुळाशी माती चोपलेलं माझं रोप उभं होतं. कोंबाचं एक पान मोडलं होतं. बाकी जिवंत.

"या काकी! वयनी, बस ना," ती म्हणाली. "हे तुमचं आहे होय? सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात पडलेलं. मला वाटलं कुणी भेट पाठवली."

"गुलबानू, अगो, ह्याच्यावर साऱ्या गावाची नजर उतरवलीय!" सासूबाई म्हणाल्या. "तुला कळलं नाही?"

"कळलं की. मैना लांबून ओरडून सांगून गेली. नजर आमच्यात पण लागते काकी." गुलबानूने गोणपाटावर ओंजळभर पाणी शिंपडलं. "पण मुळं सुकत होती. ते आधी पाणी मागत होतं. म्हटलं, बिस्मिल्ला करून पाणी घालते, मग नजरेचं बघू."

सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. रोपाकडे पाहिलं. मग कमळीकडे. सगळ्या गावाचा भात, अंडी, लिंबं, मासळी खाऊन ते रोप मी लावलं त्याच्या दुपटीने टुणटुणीत झालं होतं. घराघरांतून हाकललं गेलं होतं आणि तरी मान ताठ होती.

"पोरीसारखंच आहे मेलं," सासूबाई म्हणाल्या. "कुणी नको म्हटलं तरी वाढतंय."

त्यांनी ते स्वतः उचललं. मी हात पुढे केला, तर दिला नाही. आम्ही तिठ्यावरून परतलो तेव्हा तिथे अर्धा गाव उभा होता. कुणी केरसुणी घेऊन, कुणी नुसतं बघायला. मला वाटलं, त्या कोपऱ्यावर थांबतील. त्या थांबल्या नाहीत. सरळ वाडीत शिरल्या, माडांच्या रांगेत गेल्या, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाटाजवळ, ह्यांच्या माडाला लागून जी जागा पुढे होणाऱ्या नातवासाठी म्हणून मोकळी राखलेली होती, तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"पहार आण," मला म्हणाल्या.

"सासूबाई, ही जागा तर…"

"मला माहीत आहे ही जागा कुणाची ती. आता हिची. तो आला म्हणजे त्याच्यासाठी दुसरी शोधू. उशिरा येणाऱ्याने थांबावं."

गुलबानू मागोमाग आली होती. तिने माती लोटली. मैनेने, न सांगता, मासळीचा चुरा आणून टाकला. केसरकाकूंनी घागरभर पाणी ओतलं. गडग्यापलीकडून बाळाजीकाका म्हणाले, "थोडं डावीकडे झुकलंय." कुणी लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी हात झाडले, आणि गडग्यावर ओळीने टेकलेल्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा माझ्या नातीचा माड. हिच्या नावाचा. ह्याला जो हात लावील त्याला मी बघून घेईन."

मी रडले नाही. कमळी रडली, कारण मी तिला फार घट्ट धरलं होतं.

संध्याकाळी हे कचेरीतून आले, रोप पाहिलं, आणि "हे कुणाच्या परवानगीने?" असं विचारणार होते, पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून कपडे बदलायला आत गेले.

दिवे लागले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडून भाकरी मागून घेतली. "आज साऱ्या गावाने पाहिलंय पोरीला आणि माडाला. दृष्ट काढायलाच हवी." कमळीला ओटीवर बसवून त्यांनी भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळला, मग वाडीत जाऊन रोपावरून ओवाळला. तुकडा मुठीत धरून त्या दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या.

टाकायचा कुठे? तिठ्यावर आता आमचीच पाटी. बाळाजीकाकांच्या गडग्यापलीकडे काका उभे. मैनेच्या वाटेवर टाकावा, तर सकाळी तिला जे बोलल्या होत्या ते अजून हवेत होतं. गुलबानूचं तर नावच नको. सासूबाई मूठ मिटून अंगणात एकदा इकडे गेल्या, एकदा तिकडे गेल्या. मी ओटीवरून पाहत होते. कमळीही पाहत होती.

मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, मूठ तोंडाशी नेली, आणि साऱ्या गावाची दृष्ट उतरवलेला तो तुकडा शांतपणे चावून चावून खाल्ला.

"सासूबाई!" मी ओरडलेच.

त्या वळल्या, पदराने तोंड पुसलं, ओटीवर येऊन कमळीला उचलून घेतलं आणि तिच्यासकट आत गेल्या. उंबऱ्यातून मला म्हणाल्या, "भाकरीत मीठ घालायला विसरलीस."